सात नंबर

मे महिन्यात चंद्रपूरला कुणी हौसेनं येत नाही. पारा पंचेचाळीस ओलांडून पुढं सरकला की आम्ही गावकरीदेखील दुपारी बारा ते पाच आपला जन्मच झालेला नाही असं धरून चालतो. ताडोब्यातला वाघ बघायला येणारे तेवढे येतात, पण ते भाजून घ्यायचे पैसे आगाऊ भरून आलेले असतात. त्यांची गोष्ट वेगळी. माझा भाचा पुण्याहून आला तो वाघासाठी नाही. ऑटोतून उतरला तेव्हा त्याच्या पाठीला एक लांबट काळी पेटी होती. ऑटोवाला सुटे पैसे मोजता मोजता थांबला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, ''काजी, बंदूक होय का बासरी?''

''क्यू आहे,'' भाच्यानं परस्पर सांगितलं.

आतून बायकोचा आवाज आला, ''कशाचा क्यू? गॅसचा?''

तिचं काही चुकलं नव्हतं. रॉकेलचा, रेशनचा, टेलिफोनच्या बिलाचा अशा क्यूंत आमच्या पिढीची निम्मी हयात गेली. गंमत म्हणजे हे दोन्ही क्यू सख्खे भाऊ आहेत. फ्रेंच भाषेत क्यू म्हणजे शेपूट. रांगेला शेपूट म्हणावं हे समजतं, पण काठीला का? तर बिलियर्ड्स पूर्वी ज्या दांड्यानं खेळत त्याच्या टोकाला लाकडाचं चपटं डोकं असे. चेंडू टेबलाच्या कडेला चिकटला की ते डोकं आड येई. मग खेळणारे दांडा उलटा धरून मागच्या शेपटीनं टोला देत. शेपटीनंच खेळ बरा होतो असं दिसल्यावर डोकं गेलं आणि शेपूट राहिलं. असं इतर क्षेत्रांतही घडतं, पण विषय काठीचा आहे.

भाच्यानं पेटी दिवाणावर उघडली, शालूवाला घडी उलगडतो तशी. आत दोन तुकडे. मागचा लाकडाचा, त्यावर संगणकावर चालणाऱ्या यंत्रानं कोरून बसवलेली नक्षी, इतकी नेमकी की सांध्यात केस शिरणार नाही. पुढचा तुकडा काळाभोर, कार्बन फायबरचा. दोन्ही पिळून जोडले की अठ्ठावन्न इंच लांब, एकोणीस औंस वजन. हे सारं त्याच्या हाताच्या मापानं सांगून करवून घेतलेलं. ऑर्डर दिल्यापासून अकरा महिने लागले म्हणाला.

''मूल नऊ महिन्यांत होतं,'' बायको म्हणाली आणि पन्ह्याच्या तयारीला लागली.

''मामा, किंमत तेवढी विचारू नका,'' असं म्हणून त्यानं किंमत सांगितली. मी मनातल्या मनात हिशेब मांडला. तेवढ्यात माझं लग्न झालं होतं, आणि वर कार्यालयाची अनामत परत मिळाली होती. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, ''छान आहे. पण आमच्या क्लबात सात नंबर होती.''

आमच्या भागात कोळसा आहे, कागद आहे, वीज आहे, आणि जिथं कारखाना तिथं वसाहत, जिथं वसाहत तिथं साहेबांचा क्लब. अशाच एका वसाहतीत माझे वडील कारकून होते. क्लबातलं बिलियर्ड्सचं टेबल साहेबांसाठी असे, आणि कारकुनांच्या पोरांसाठी त्या टेबलाकडं बघायची खिडकी असे. पण टेबल सांभाळणारा मार्कर दुपारचा एकटा पडायचा आणि त्याला तंबाखू-सुपारीचा खर्रा लागायचा. रणरणत्या उन्हात पानठेल्यावर जाऊन खर्रा घोटून आणणारं पोरगं त्याला हवं होतं. मला टेबल हवं होतं. एका खर्ऱ्याला अर्धा तास असा आमचा दर ठरला. आजही सुपारी घोटल्याचा आवाज आला की माझा उजवा कोपर आपोआप मागं जातो.

भिंतीवरच्या लाकडी चौकटीत बारा काठ्या उभ्या असत. प्रत्येकीवर नंबर. त्यांतली सात नंबर म्हणजे क्लबाचं दैवत. साहेब लोक कोट काढायच्या आधी सात नंबर हातात घेत. ती मिळावी म्हणून एक इंजिनिअर रात्रपाळी बदलून घेत असे. तिच्याविषयी कथाही चिक्कार. सत्तेचाळीस साली जाताना एक गोरा साहेब तिला मिठी मारून रडला होता म्हणे. विल्सन जोन्सनं तिला एकदा हात लावला होता म्हणे. विल्सन जोन्स चंद्रपूरला नेमके कधी आले हे कुणालाच सांगता येत नसे, पण तेवढ्यानं आख्यायिका थांबत नाही. जोन्स १९२२ साली पुण्यात जन्मले आणि १९५८ मध्ये कलकत्त्याला जागतिक हौशी बिलियर्ड्सचे विजेते झाले. एकट्यानं खेळायच्या कुठल्याही खेळात जगज्जेता झालेला हा पहिला भारतीय. १९६४ मध्ये न्यूझीलंडला त्यांनी तो किताब पुन्हा मिळवला. एवढ्या माणसानं एखाद्या काठीला हात लावला नसेल हे सिद्ध करण्याची जबाबदारी आमच्यावर नव्हती.

मार्कर मात्र या कथांना हिंग लावून विचारत नसे. ''सात नंबरमधी काई नाई बे,'' तो खर्रा गालात सारून म्हणायचा, ''ते फक्त कूलरपासून दूर उभी राहते.''

हे वाक्य समजायला आमच्याकडचा उन्हाळा काढावा लागतो. लाकूड मेलं तरी श्वास घ्यायचं सोडत नाही. हवेतली ओल पितं, टाकतं. मे महिन्यात इथली हवा पापडासारखी कोरडी. त्यात क्लबाच्या खिडकीत एक अजस्र कूलर, वाळ्याच्या ताट्यांमधून फवारल्यासारखी ओली हवा फेकणारा. एक ते चार नंबरच्या काठ्यांना अर्ध्या अंगानं ऊन आणि अर्ध्या अंगानं पावसाळा. जुलैत खरा पाऊस आला की उरलेल्या फुगत. दिवाळीपर्यंत निम्म्या काठ्या धनुष्यबाणाच्या कामाला येतील अशा होत. काठी सरळ आहे का हे बघायचं तर टेबलावर लोळवायची. सरळ असेल तर गुपचूप घरंगळते, वाकडी असेल तर लंगडत जाते. आमच्या क्लबातल्या काठ्या पंढरीच्या वारीला निघाल्यासारख्या डुलत जात. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण ज्यानं काढली तो चंद्रपूरचा नसावा. आमच्याकडं अंगण खरोखरच वाकडं असतं.

तसा हा खेळ आमच्या घरचाच म्हणायला हरकत नाही. स्नूकरचा जन्म १८७५ चा, जबलपूरचा. नेव्हिल चेंबरलिन नावाच्या एका तरुण लष्करी अधिकाऱ्यानं (पंतप्रधान झाला तो वेगळा) पावसाळ्यात मेसमध्ये बसून वेगवेगळ्या रंगांचे चेंडू मिसळून हा खेळ रचला. विलायतेत लष्करी विद्यालयातल्या नवशिक्या पोरांना 'स्नूकर' म्हणत. सोपा चेंडू चुकवणाऱ्या मित्राला चेंबरलिन चिडवून तसं म्हणाला आणि खेळाचं नाव पडलं. म्हणजे मराठीत या खेळाचं नाव 'कच्चा लिंबू' व्हायला हवं. त्या काळी जबलपूर आणि आमचा चांदा जिल्हा एकाच मध्य प्रांतात होते. तो प्रांत गेला, चांद्याचं चंद्रपूर झालं, १९८२ मध्ये गडचिरोली वेगळी झाली, पण लाकूडबाजारात त्या प्रांताची इंग्रजी आद्याक्षरं अजून चिकटून आहेत. बल्लारशा-आलापल्लीच्या सागाला व्यापारी आजही 'सीपी टीक' म्हणतात. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराची दारं करायला तो इथूनच गेला. टेबलाचे पाय आणि चौकट व्हायलाही साग चालतो. काठी व्हायचा मान मात्र त्याला नाही. स्नूकर-बिलियर्ड्सच्या काठीला अॅश लागतं, पूलच्या काठीला मेपल, आणि मुठीकडं वजन यावं म्हणून आबनूस. तिन्ही परदेशी, असं मी मार्करला एकदा ऐकवलं.

त्यानं सात नंबर उलटी धरून बूड माझ्या नाकासमोर आणलं. तिथं बोटभर लांबीचा एक काळा तुकडा बसवलेला होता, बाकीच्या लाकडाहून जास्त काळा. ''हे काय होय सांग.'' मला सांगता येईना. कधीतरी काठी पडून बूड चिरलं होतं. त्यानं ते कापून आपल्या गावाकडचं लाकूड जोडलं होतं. टेंभुर्णीचा गाभा.

टेंभुर्णी म्हणजे तेंदू. इथल्या पोरांना टेंभरांसाठी माहीत, बाकी देशाला विडीसाठी. मे महिन्यात पहाटे अख्खी घरंच्या घरं जंगलात जातात, पानं खुडतात, सत्तर पानांचा एक पुडा बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, मोजून देतात. पान कोवळं आणि मोठं मिळावं म्हणून झुडपं छाटत राहायची, त्यामुळं त्या झाडाचं म्हातारपण फारसं कुणी बघत नाही. पण एखादं सुटतं, जुनं होतं, आणि त्याच्या पोटात काळा गाभा धरतो. त्याचं शास्त्रीय नाव डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन. यातल्या दुसऱ्या शब्दाचा ग्रीकमधला अर्थच काळं लाकूड. जग ज्याला एबनी किंवा आबनूस म्हणून डोक्यावर घेतं ती याच डायोस्पायरॉस कुळातली मंडळी. म्हणजे एका भावानं राजवाड्यात नोकरी धरली आणि दुसऱ्यानं गावी राहून विड्या वळल्या. भाच्याच्या पेटीतल्या काठीच्या मुठीवर एबनीचे चार टोकदार भाले कोरून बसवले होते. मी त्याला म्हटलं, ''हे आमच्या टेंभुर्णीचे पाहुणे.'' त्यानं नम्रपणे मान डोलावली. मामा भावुक झाला की पुण्याची मुलं अशी मान डोलावतात.

मग त्यानं मला जॉर्ज बालाबुश्काची गोष्ट सांगितली. जुन्या काठ्यांच्या जगात हे नाव घेताना लोक कानाची पाळी धरतात. १९१२ मध्ये रशियात जन्मलेला हा माणूस लहानपणी अमेरिकेत गेला, सुतारकामात मुरला, आणि १९५९ पासून १९७५ साली वारेपर्यंत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये काठ्या करत राहिला. सगळ्या मिळून हजार-बाराशे. व्हायोलिनमध्ये स्ट्रॅडिव्हेरियस तसा काठीत बालाबुश्का, असं म्हणतात. १९८६ च्या 'द कलर ऑफ मनी' या सिनेमात पॉल न्यूमन टॉम क्रूझला एक बालाबुश्का देतो आणि पोरगं ती लेझीमसारखी गरगर फिरवतं. पडद्यावरची ती काठी मात्र बालाबुश्का नव्हतीच. खरी इतकी मोलाची की फिरवायला द्यायची कुणाची छाती होईना. म्हणून जॉस नावाच्या कंपनीची, तिच्यासारखी दिसणारी वापरली. जगातल्या बहुतेकांनी बालाबुश्का म्हणून जी पाहिली ती तोतया आहे. पानिपतानंतरच्या सदाशिवरावभाऊंची आठवण आली.

यापुढं त्यानं जे सांगितलं ते ऐकून मी पन्ह्याचा पेला खाली ठेवला. बालाबुश्काच्या सुरुवातीच्या कित्येक काठ्या मुळात दुसऱ्याच कुणाच्या होत्या. ब्रन्सविक कंपनी पार्लरच्या भिंतीवर लावायच्या टायटलिस्ट नावाच्या अखंड काठ्या बनवायची. येणाऱ्या-जाणाऱ्यानं उचलायच्या, सार्वजनिक, आमच्या एक ते बारा नंबरांसारख्या. बालाबुश्का त्यांतलं चांगलं लाकूड निवडी, मधोमध कापी, सांधा बसवी, नवं पुढचं टोक जोडी, मुठीला आयरिश लिननचा दोरा गुंडाळी. त्याच्याआधी शिकागोत हर्मन रॅम्बोही हेच करी. (रॅम्बो म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर मशीनगन आली, तो हा नव्हे.) पुढंही बालाबुश्कानं मुठीचे जोडून तयार केलेले ठोकळे बर्टन स्पेन आणि गस झाम्बोटी या कारागिरांकडून घेतले. लेणं म्हणावं तर शिंपल्याचे चार ठिपके. भाच्याच्या काठीवरची नक्षी त्यापुढं पैठणी.

''म्हणजे आख्यायिका भिंतीवरच होती,'' मी म्हटलं.

''हो, पण मामा, कापायला बालाबुश्का लागतो.''

आमचा मार्कर सात नंबरचं बूड कापून टेंभुर्णी जोडत होता तेव्हा त्याला ब्रुकलिन कुठं आहे हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी त्यानं आधी खर्रा मागवला असता.

काठीचं पुराण खेळाडूंकडूनही वाढतं. स्टीफन हेन्ड्रीनं चौदाव्या वर्षी चाळीस पौंडांना एक काठी घेतली. कुणी तज्ज्ञ तिला चांगलीही म्हणेना. १९९० मध्ये ती चोरीला गेली तेव्हा त्यानं दहा हजार पौंडांचं बक्षीस लावलं. ती परत मिळाली आणि तो तिच्यानं स्नूकरचा जगज्जेता होत राहिला, एकूण सात वेळा. अखेर २००३ मध्ये विमानाच्या सामानात तिचे तुकडे झाले. चाळीस पौंडांच्या काठीचा असा शोक झाला की चाळीस लाखांच्या गाडीचा होत नाही. कारागीर काठी घडवतो हे खरं, पण उरलेली अर्धी काठी हेन्ड्रीसारख्या माणसाच्या हाताचा घाम घडवतो, आणि तो ऑर्डर देऊन अकरा महिन्यांत येत नाही.

तरीही खोटं कशाला बोलू, भाच्याची काठी जुन्या काठ्यांपेक्षा चांगली आहे. चेंडूला मधोमध न मारता बाजूला मारलं, म्हणजे साइड दिली, की चेंडू नेम सोडून किंचित उलट्या बाजूला सरकतो. काठीचं पुढचं टोक जितकं जड तितका सरकणार. जुने लोक हे सरकणं मनात वजा करून नेम धरत. त्या वजाबाकीत उमेदीची दहा वर्षं जात. १९९० च्या दशकात टोक हलकं करायची युक्ती निघाली, मग पोकळ कार्बनच्या नळ्या आल्या, आणि वजाबाकी जवळपास संपली. शिवाय कार्बन ओल पीत नाही. चंद्रपूरचा मे असो की जुलै, वाकायचं त्याच्या स्वभावातच नाही. पोकळ, हलकी, ताठ नळी म्हटल्यावर मला आपला बांबूच दिसतो. निसर्गानं हे आधीच करून गडचिरोलीच्या जंगलात रानोमाळ लावून ठेवलं होतं. बांबू हे मुळात गवत. पण १९२७ च्या वन कायद्यात त्याची गणना झाडांत झाली, आणि जंगलाबाहेरचा बांबू झाड नव्हे हे कबूल करायला २०१७ उजाडलं. अशा हवेत बांबूची काठी पेटंटपर्यंत पोचली असती असं मला वाटत नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. जुन्या काठीला खेळाडूबद्दल दया होती. चेंडू चुकला की आपण काठीकडं बघायचो, एक डोळा मिटून तिच्या लांबीवरून नजर फिरवायचो, ''च्च'' म्हणायचो, आणि समोरचाही समजुतीनं मान हलवायचा. चूक दोघांत वाटली जायची. या कार्बनच्या काठीकडं बघून काय म्हणणार? माप तुमचं, वजन तुमचं, ऑर्डर तुमची. हे म्हणजे आपल्याच पसंतीनं केलेल्या लग्नासारखं. कुणाकडं तोंड वर करून सांगायची सोय नाही.

क्लब पुढं बंद पडला. टेबल कुठं गेलं कळलं नाही. काठ्या भंगारात निघाल्या तेव्हा मी वीस रुपये देऊन सात नंबर घरी आणली. गेली कित्येक वर्षं तिच्या टोकाला फडकं बांधून बायको छताची कोळिष्टकं काढते. उंची बरोबर पुरते. या कामाला तिच्यासारखी काठी नाही, हे बायकोचं मत, आणि सात नंबरविषयी मी ऐकलेल्या सगळ्या मतांत हे एकच अनुभवावर आधारलेलं आहे.

संध्याकाळी आम्ही दोन्ही काठ्या घेऊन गावातल्या एका पूल पार्लरला निघालो. सात नंबर अखंड. तिची घडी होत नाही. ऑटोतून ती दोन हात बाहेर राहिली. ऑटोवाला योगायोगानं सकाळचाच. त्यानं वळून पाहिलं आणि म्हणाला, ''हे त बासरी नाई होय.''

पार्लरमधल्या पोरांनी सात नंबरच्या टोकावरचं कोळिष्टक पाहून एकमेकांना कोपरखळ्या मारल्या. मी ते सन्मानानं पुसलं, टिपला चॉक लावला, आणि पहिला डाव तिच्यानं हरलो. ती टेबलावर लोळवून दाखवली, वारकऱ्यासारखी डुलली. पोरांना पटलं. दुसराही डाव तसाच हरलो. तिसऱ्याला भाचा म्हणाला, ''मामा, ही घ्या. बघा तरी खेळून.''

मी त्याची काठी घेतली. हातात आली तीच मुळी विचारल्यासारखी, कुठं मारायचंय सांगा. चेंडू पॉकेटच्या तोंडाशी होता, दीड फुटावर. खर्रा आणणाऱ्या पोरानंही डोळे मिटून घातला असता. मी वाकलो, नेम धरला, कोपर मागं नेला. चेंडू पॉकेटच्या ओठाला लागून ऐटीत बाहेर आला.

पार्लर शांत झालं. मी सवयीनं एक डोळा मिटून काठीवरून नजर फिरवली. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत आखल्यासारखी सरळ. टेबलावर लोळवली, आवाजही न करता गेली. भाचा काही बोलला नाही, पोरं काही बोलली नाहीत. मी टेबलाकडं पाहिलं, टेबल नवं होतं. दिव्याकडं पाहिलं, उजेड ठीक होता. मग खिडकीकडं लक्ष गेलं.

''हा कूलर बंद कर बे,'' मी काउंटरवरच्या पोराला म्हटलं, ''बॉलले हवा लागून राहिली.''